नाही म्हणालेली

हे सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं.

काल संत आग्नेसच्या सणाला चर्चमध्ये तिच्या पुतळ्याला हार घालत होतो. शेजारची बाई नातीला सांगत होती, "लग्नाला नाही म्हणाली, म्हणून मारून टाकलं हिला. केवढी धीराची पोर!"

माझ्या अंगाची लाही झाली. माझी बहीण रोझीही नाहीच म्हणाली होती. तिला मठात जाऊन सिस्टर व्हायचं होतं. मी तिच्या थोबाडीत मारली आणि याच चर्चमध्ये तिचं लग्न लावलं. सारा गाव जेवून गेला. मेलेल्या मुलीचा नकार पवित्र आणि घरातलीचा उर्मटपणा! कसले भक्त आम्ही?

तिच्या शेवटच्या आजारपणात माफी मागायला गेलो होतो.

"काय म्हणतोस, दादा?" तिने विचारलं.

"काही नाही बाय," मी म्हणालो, "औषध वेळेवर घे."