चालत्या गणितात हात

मी नोकरीला लागले तेव्हा कॉम्प्युटर हे यंत्राचं नाव नव्हतं, हुद्द्याचं होतं. वडील पुण्याहून बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात आले होते, मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि एका संशोधन संस्थेच्या आकडेमोड विभागात मुली हव्या होत्या. पन्नासचं दशक सरत आलं होतं. लांब टेबलांपाशी बसून हाताने दांडा फिरवायच्या गणकयंत्रांवर आम्ही दिवसभर आकडे मोडत असू. आम्हीच कॉम्प्युटर.

माझ्या शेजारच्या टेबलावर अक्का बसायची. विभागात सगळेच तिला अक्का म्हणत. तिचं घराणं बसवनगुडीत कितीतरी पिढ्या राहिलेलं, घरात मराठीच, पण त्या मराठीत कानडी इतकी विरघळलेली की पहिले काही दिवस मी नुसतीच मान हलवत होते. ती सांगायची, "स्वल्प थांब ग, घाई करू नको." तिला माझं पुणेरी बोलणं ऐकून हसू यायचं. अहो-जाहो तर तिने पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावलं.

आमचं नेहमीचं काम एकाच जातीचं असे. समजा, धातूचा एक पत्रा आहे, एका कडेने तापतोय, बाकीच्या कडा थंड. मधे कुठे किती उष्णता असेल? मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या. चौकटींच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक आकडा, आणि तो भोवतालच्या चार आकड्यांची सरासरी असला पाहिजे. आधी सगळीकडे अंदाजाने आकडे टाकायचे, मग जिथे सगळ्यात जास्त बिघडलंय तिथे सुधारायचं. तिथलं सुधारलं की शेजारचे चार किंचित बिघडत. मग त्यांच्याकडे वळायचं. असं करता करता बिघाड कागदभर पसरत, पातळ होत कडांना जाऊन विरून जायचा. अक्का पेन्सिल खाली ठेवून म्हणायची, "निवला ग."

तिचा कागद माझ्याआधी निवायचा. ती हिशेबापेक्षा थोडं जास्तच सुधारायची. चार वाढवायचे असले तर सहा वाढवायची, कारण शेजारचे आकडे पुढे त्याला तिकडेच ओढणार हे तिला दिसत असे. मला ते सवयीने जमायला लागलं. दुपारी खिडकीतून झाडांची सावली कागदावर हलत असायची, गणकयंत्रांची खडखड एका लयीत चाललेली असायची, आणि मी त्या पत्र्यावरून चालत गेल्यासारखी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात असे. कधीकधी तळव्यांना ऊबसुद्धा जाणवायची.

मग काही वर्षांनी खरा कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली बांधली, तिच्यात थंड हवा सोडली. बंगलोरच्या हवेत आधीच पंख्याची गरज नसे, त्यात ही खोली, म्हणून आम्ही एप्रिलमध्येही स्वेटर घेऊन जायचो. आमच्यातल्या काही मुली लग्न होऊन गेल्या, काही दुसऱ्या विभागात. अक्का आणि मी कागदी फितीवर भोकं पाडून यंत्राला हुकूम द्यायला शिकलो.

आमचे साहेब मद्रासकडचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पहिलंच काम दिलं ते पत्र्याचं, मात्र हा पत्रा आमच्या कुठल्याही कागदावर मावला नसता इतका मोठा. आठवड्यातली एक दुपार यंत्र आमचं असे. संध्याकाळी दुसऱ्या विभागाची माणसं आली की उठायचं, आणि गणित अर्धवट असेल तर ते तिथेच बुडायचं.

पहिल्या दुपारी ते बुडालं. दुसऱ्याही. यंत्र आमच्याहून कितीतरी वेगवान होतं, पण ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इमानाने जाई, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, आणि प्रत्येक आकडा हिशेबाने सांगितलं तेवढाच सुधारी. प्रत्येक फेरीनंतर टाइपरायटर एक आकडा छापायचा, सगळ्यात मोठा बिघाड केवढा उरलाय तो. तो आकडा इतका सावकाश उतरायचा की बघता बघता माझे डोळे मिटायचे.

अक्काच्या मनात काय चाललंय ते मला बसस्टॉपवर कळलं. ती म्हणाली, त्यालाही थोडं जास्त सुधारायला शिकवू. पण किती जास्त, ते आधी कसं ठरवणार? पत्र्यागणिक ते बदलतं. म्हणून तिने सुचवलं की फितीत तसा आकडा लिहूनच ठेवायचा नाही. यंत्राच्या तोंडाशी स्विचांची एक रांग होती. प्रत्येक फेरी संपली की यंत्राने त्या रांगेकडे बघावं आणि आपण जसे स्विच ठेवलेत तितकं जास्त सुधारावं. म्हणजे गणित न थांबवता, ते चालू असतानाच आपल्याला त्यात हात घालता येईल.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि परवानगी दिली.

त्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. थंड हवेची एकसुरी घरघर, लुकलुकणारे दिवे, मांडीवर शाल. अक्काने पहिला स्विच वर केला. टाइपरायटरवरचा आकडा जरा भरभर उतरला. आणखी एक स्विच, आणखी उतार. ती स्विच हलवायची, मी आकडा वाचायचे, आणि समोरच्या लोखंडी कपाटांच्या आत कुठेतरी तो पत्रा निवत असल्याचं मला दिसत होतं.

मग अक्काने आणखी एक स्विच वर केला, आणि आकडा चढला. पुढच्या फेरीला दुपटीने चढला. कागदावर लांबच लांब आकडे यायला लागले. इतक्या वेळाचं सगळं काम उधळलं असं मला वाटलं. मी म्हणाले, "थांबवूया का यंत्र?"

"नको," ती म्हणाली. "चालू दे. मी मागे घेते."

तिने तो स्विच खाली केला, त्याच्या आधीचाही. आम्ही बघत राहिलो. आकडा क्षणभर तिथेच घुटमळला, मग खाली यायला लागला. जितका चढला होता तितका उतरला, आणि त्याच्याही खाली गेला. बिघडलेल्या ठिकाणाहूनसुद्धा ते गणित आपल्या उत्तराकडे चालत येत होतं. अक्काने खुर्चीला पाठ टेकली. त्या दिवशी माणसं येण्याआधी आमचा पत्रा निवला.

पुढचे काही आठवडे ती रिकाम्या वेळात कागदावर काहीतरी मांडत असायची. नंतर तिने मला नवी फीत दाखवली. आता यंत्रच प्रत्येक फेरीनंतर आपला बिघाड बघणार होतं. भरभर उतरत असेल तर थोडं पुढे, चढायला लागलं तर मागे. स्विच लागणारच नव्हते.

मी विचारलं, "मग आपण काय करायचं तिथे बसून?"

"काही नाही. त्याला जमतंय तर करू दे ना," ती हसून म्हणाली. "सरी?"

"सरी," तिच्या कानडीत मीही 'ठीक' म्हणाले, पण मला ते तेवढं सरी वाटत नव्हतं. त्या थंड खोलीतली दुपार मला हवी होती.

नवी फीत चांगली चालली. अक्काच्या हाताइतकी चलाख नव्हती, क्वचित उगाच मागे यायची, पण थकत नव्हती. साहेबांनी ती इतर विभागांनाही दिली. आम्ही यंत्राच्या खोलीत न बसता फीत तिच्या खिडकीतून आत द्यायला लागलो आणि उत्तरं खिडकीतूनच घ्यायला लागलो.

यंत्र नुसते आकडे देई, पानंच्या पानं. सारख्या उष्णतेच्या जागा जोडून रेषा काढायचं काम मात्र आमच्याकडेच होतं. पानं चिकटवून आम्ही ती मोठ्या टेबलावर पसरायचो. अक्का तापलेल्या कडेकडून सुरुवात करायची, मी थंड बाजूने. पेन्सिल एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत नेताना वळण आपोआप सापडत जाई, एकीच्या शेजारी दुसरी रेषा उमटे, नदीकाठच्या वाळूवर पाणी ओसरल्याच्या खुणा उमटाव्यात तशी. टेबलाच्या मधोमध आमचे हात एकमेकींपाशी पोचत तेव्हा बाहेर ऊन तिरपं झालेलं असे. माझी शेवटची रेषा आणि तिची शेवटची रेषा यांच्यात एक अरुंद पट्टी राही, तिथे तिसरी रेषा बसते का हे आम्ही वाकून बघत असू.