पालीची साक्ष

सूनबाईंनी चहा पुढे ठेवता ठेवता बातमी दिली. "बाबा, शनिवारी आमच्या दुबईच्या मराठी मंडळात ते रेडिओवाले विनोदसम्राट येतायत. तुमच्याच केंद्रावर होते ना?"

माझी खारी चहात बुडाली.

"ते माझ्या केंद्रावर नव्हते," मी म्हटलं. "मी त्यांच्या केंद्रावर होतो."

खरं सांगायचं तर तिथे मी दारं उघडत होतो. श्रुतिकांमधली. करवंट्यांचे घोडे, पत्र्याच्या विजा, बांगड्यांच्या बायका हे माझं खातं. शेवटी निवेदिका सगळ्या कलाकारांची नावं घेऊन झाली की म्हणायची, "व इतर." तो मी.

एकदा थेट प्रसारणात हे गृहस्थ लबाड सासरा झाले होते. वाक्य होतं, "जावईबापू, दागिने अस्सल सोन्याचे आहेत!" आणि पुढे कंसात, 'जावयाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते.' आता ही सूचना जावयाचं काम करणाऱ्या नटासाठी आहे, हे कोणालाही कळेल. पण मी पडलो आवाजांचा माणूस. कागदावर पाल दिसली, मी जीभ टाळूला लावली आणि माइकमध्ये चुक्‌ चुक्‌ चुक्‌!

काचेपलीकडे निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. आणि हा माणूस क्षणही न दवडता म्हणतो, "बघा, पालीनंसुद्धा साक्ष दिली!" वर "सत्य, सत्य" करत टेबलावर टकटक.

शंकेची पाल त्यानं सत्याची करून टाकली. मग दर आठवड्याला पाल आली. लोक त्याला रस्त्यात अडवून तेच वाक्य म्हणायला लावत. त्याला नाटकं मिळाली, शाली मिळाल्या. मी बँकेत चिकटलो. हेवा म्हणाल, तर हो, केला. अजून करतो. तब्येतीला बरा असतो.

शनिवारी मुलगा खालून हॉर्न वाजवत होता आणि मी तिसरा सदरा बदलत होतो. "यल्ला, चला बाबा!" फोनवर ओरडला. डिस्कव्हरी गार्डन्सपासून सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या शाळेच्या हॉलपर्यंत मी मनात एकच घोकत होतो: आज तरी त्यानं सांगावं, की पाल माझी होती. नात शेजारी बसून ऐकेल.

मुलाखतकार बाईंनी विचारलंच. "ती पाल तुम्हाला सुचली कशी?"

"अहो, लिहीत बसलो होतो," तो म्हणाला, "आणि भिंतीवर चुकचुकली!"

मी उठायला लागलो. बायकोनं सदरा धरून खाली ओढलं. "अहो, गप बसा. लोक बघतायत."

लोक माझ्याकडे बघत नव्हते. लोक "पाल! पाल!" ओरडत होते. त्यानं ऐटीत माइक जवळ घेतला, ओठ मुडपले आणि आवाज आला... फुस्स. पुन्हा केलं. फुस्स. कवळी नवी असावी. हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या एक बाई कीव आल्यासारख्या हसल्या. इतक्या वर्षांत मी देवाकडे जे मागितलं होतं, ते समोर मंचावर घडत होतं.

मी अगदी स्वस्थ बसायला हवं होतं. पण माझी पाल दुसऱ्याच्या तोंडात मरताना बघवेना. उपकार वगैरे काही नाही, जीभ आपोआप टाळूला गेली.

चुक्‌ चुक्‌ चुक्‌.

त्यानं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. "बघा, दुबईच्या पालीनंसुद्धा साक्ष दिली!"

हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याला.

"आजोबा, दॅट वॉज यू!" नात किंचाळली. मागून कोणीतरी तिला "शूऽ" केलं.

नंतर फोटोच्या रांगेत त्यानं माझा हात हातात घेतला आणि कानाशी वाकून म्हणाला, "तू इथे आहेस होय? अजून अर्धा श्वास उशिरा येतोस रे."

एवढंच. मग कॅमेऱ्याकडे बघून हसला. मीही हसलो, सवयीनं.

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'विनोदसम्राट, अध्यक्ष व इतर.'

"बाबा, छान आलाय हं फोटो," सूनबाई म्हणाल्या.

मी चष्मा लावून नीट पाहिला. त्यात तो जरा जास्तच छान आला होता.