इंजिनाला दिलेलं आवतन

परवा फोनवर तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, उद्या यंत्रांना खरोखरच जाणीव आली तर काय करायचं, आणि त्याची तयारी आतापासून करायची का. मी म्हणाले, करायची. का, ते लिहून पाठवते.

पन्नास सालानंतर लवकरच मी लग्न होऊन नागपूरहून चिमूरकडच्या गावी आले. सासऱ्यांनी तेव्हा धान कांडायची मशीन नुकतीच बसवली होती. ती तेलाच्या इंजिनावर चाले. बायांनी मुसळं माळ्यावर टाकून दिली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना सांगतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” ज्याला आवतन दिलं, त्याला दुसऱ्या दिवशी जुंपत नाहीत. त्या वर्षी सासूबाई गोठ्यातून थेट मशीनच्या खोलीत गेल्या आणि इंजिनालाही तूप लावून आवतन देऊन आल्या.

सकाळी शेजारीण धानाची टोपली घेऊन आली. संध्याकाळी तिच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि घरात तांदळाचा दाणा नव्हता. सासऱ्यांनी इंजिनाचं हँडल उचललं, तर दारात सासूबाई उभ्या.

“त्याले आवतन देल्लं हाय मी.”

“इंजनाले? त्याले का पोट हाय?”

“तेल पिते, तापते, कधी अडून बसते. जीव हाय का नाई, मले नाई समजत. तुमाले समजते का?”

सासरे माझ्याकडे वळले. “तू त इंग्रजी शिकली, बाई. तूच सांग.”

मी सांगितलं, जीव नाही, लोखंड आहे. आजही तेच सांगेन.

“नसन,” सासूबाई म्हणाल्या. “पण उद्या याच्याहून शहाणी मशीन आली, तवा कोणाले विचारत बसाचं? रीत पयलेपासून पाह्यजे.”

“तुमची रीत राहू द्या, बाई,” शेजारीण पायरीवर बसत म्हणाली. “माह्या पोरीचं काय?”

सासूबाईंनी माळ्यावरून मुसळ काढायला लावलं. “आवतन माहं, त मुसळबी माह्याच हाती.”

आम्ही तिघी आळीपाळीनं कांडत बसलो. माझ्या तळहाताला फोड आले.

“इंजन निजलं, बाया राबल्या,” सासरे जाता जाता म्हणाले.

“मंग तुमी पाखडा.”

त्यांनी खरंच पाखडलं. निम्मा कोंडा त्यांच्या मिशीत गेला. भातात कणी जास्त होती, पण पाहुणे पोटभर जेवले आणि सोयरीक जुळली.

मला तयारी म्हणजे हेच वाटतं. कळत नाही तोवर मान द्यावा, पण त्याचा भार शेजारणीच्या चुलीवर टाकू नये. पुढच्या वर्षी सासूबाईंनी पोळ्याच्या आधीच गावभर निरोप धाडला, पोळ्याला मशीन बंद, धान आधीच आणा. सगळ्यांच्या आधी टोपली घेऊन शेजारीणच आली. जावई पहिल्यांदा पोळ्याला येणार होता.