खरं मानू नये

त्या गोष्टीतला लिलाव शेवटी सुरू झाला का हो? ताईला विचारलं, तर ती नुसती हसली. नंतर ज्याला ज्याला विचारलं, तो माझ्याच तोंडाकडे बघत बसला.

थांबा, असं तुम्हाला कळायचं नाही. गाढवपणा माझा आहे, तर पहिल्यापासून सांगतो. चहा घ्या तोवर.

माझी ताई नाशिक रोडला एका शाळेत क्लार्क. दिवसभर दाखले लिहायची, संध्याकाळी गोष्टी. मी आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला. चांदवडकडचा कांदा पिकअपमधून बाजारात नेणारा माणूस! ताईचं पुस्तक निघालं आणि प्रकाशक म्हणाले, "मॅडम, आता सोशल मीडियावर दिसत राहा." दिसत राहिली बिचारी. पण बघणारे कोण? सगळे नातेवाईक. आणि मी, दोन खात्यांवरून!

एकदा म्हणाली, "बाळ्या, घराबाहेरचा एक तरी वाचक मिळायला हवा रे."

एवढंच ना? मी कांद्याच्या बाजारभावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होतो. गच्च भरलेला ग्रुप. माणसं सकाळ-संध्याकाळ डोळे फाडून वाचतात. असे वाचक कुठल्या लेखकाला मिळतात, सांगा! टाकली ताईच्या नव्या गोष्टीची सुरुवात: 'उद्या लिलाव बंद. कोणी गाडी भरू नये.' खाली ऐटीत तिचं नाव. पुढचं उद्या देऊ म्हटलं. उत्सुकता नको का ताणायला?

ताणली की! लोकांना वाटलं, बाजारातली कोणी अधिकारी बाई असेल. संध्याकाळी माझ्याच मामाचा मेसेज आला: 'खात्रीशीर बातमी! व्यापारी अडून बसले! उद्या लिलाव बंद!' वर लाल दिव्यांची माळ.

तुम्हाला वाटेल, मी कपाळावर हात मारला. छे! मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "ताई, तू लिहिलंस ते खरं झालं गं!" आणि माझी उद्याची खेप? शेतकऱ्याला फोन करून मीच रद्द केली!

दुसऱ्या दिवशी लिलाव झोकात झाला. मोजक्याच गाड्या आल्या, व्यापाऱ्यांनी त्यांच्यावर उड्या घेतल्या, भाव वर चढला. बाकीचे सगळे, माझ्यासकट, घरी बसून.

मग ग्रुप चालवणाऱ्या अण्णांचा फोन. "कोण रे ती बाई, बाजार बंद करणारी?"

"माझी ताई. अण्णा, ती गोष्ट होती."

"गोष्ट? आरं, माझा कांदा ट्रॉलीतच बसून हाय! दे तिच्याकडं फोन!"

ताईनं माफी मागितली. फोनवर हात जोडले हो, मी डोळ्यांनी पाहिलं! अण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. पुढं काय झालं? का बंद पडला त्यो लिलाव?"

झालं! रोज संध्याकाळी एक तुकडा. ताईची अट एकच. खाली घालायची ओळ तिनं स्वतः टाईप करून दिली: 'ही गोष्ट आहे. खरं मानू नये.' मी काय करायचो, कालचा मेसेज घ्यायचा, वरचं पुसायचं, नवा तुकडा घालायचा. खालची ओळ तशीच. शिक्षण कमी, पण आळस पक्का.

कांद्याचा भाव पडो की चढो, गोष्ट चालूच. एक लिहायचा, "ताई, त्या हमालाला पळवून लावू नका." दुसरा भांडायचा, "नाय, पळवाच!" ताई खूष. "बघ बाळ्या, माझ्याशी भांडतायत!"

मग ती आजारी पडली. दवाखान्यातल्या कॉटवरून तुकडे सांगायची, मी टाईप करायचो. शेवटचाच राहिला. "लिलाव सुरू होतो का गं?" मी विचारलं. तेव्हाच हसली ती.

गेल्या आठवड्यात ताई गेली.

ग्रुपला कळवायला नको? तिचेच वाचक ते. सवयीनं कालचा मेसेज घेतला, वरचं पुसलं, लिहिलं: 'ताई आज पहाटे गेली. दुपारी अमरधामला नेणार.' दिला पाठवून.

फटाफट उत्तरं!

"आयला! ताईनं सोतालाच गोष्टीत घातलं!"

"लय भारी वळण!"

"मारू नका हो तिला. उद्याच्याला जिवंत करा."

माझं डोकंच फिरलं. माणसं आहेत का कोण? अण्णांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाळू, खाली काय लिवलंय, वाच की रे."

वाचलं. 'ही गोष्ट आहे. खरं मानू नये.'

आता बोला! बहिणीच्या मरणाची बातमी खोटी पाडणारा भाऊ पाहिलाय का कुठे?

ओळ पुसायला गेलो, तर बोट पुढे जाईना. तिनं स्वतःच्या हातानं टाईप केलेली. आणि तिकडे एवढी माणसं तिला उद्या जिवंत करा म्हणत बसलेली. वाटलं, राहू दे. आजचा दिवस तरी राहू दे.

ताईला न्यायची वेळ झाली म्हणून बाहेरून बाबांनी हाक मारली. मग मी ती ओळ एकेक अक्षर करत पुसली आणि मेसेज पुन्हा पाठवला.