वीतभर वर आलेला स्पोक

माणूस मातीतून येतो आणि शेवटी मातीलाच मिळतो. रामटेकेभाऊंच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं, तिसऱ्याने डोळे मिटून. भाऊ असते तर मागच्या बाकावरून त्यांनी हळूच विचारलं असतं, "कोणती माती जी? अन् उतार किती?" मातीबद्दल मोघम बोललेलं त्यांना चालत नसे. नोकरीची सगळी वर्षं ते तिच्या मागे डोंगरउतारांवर पायी फिरले, पण तिला आई वगैरे म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

ते गेल्याचं मला नागपूरला पोस्टकार्डाने कळलं. त्यांच्या मुलीने लिहिलं होतं, "बाबा गेले. दम्याचं निमित्त झालं. आई ठीक आहे." अर्धं कार्ड कोरं होतं. शब्दांची ही काटकसर वडिलांचीच.

आमची ओळख नकाशामुळे झाली. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मृद्संधारणाच्या कार्यालयात मी नवा आरेखक होतो आणि भाऊ निवृत्तीला आलेले सर्वेक्षक. एटापल्लीकडच्या एका डोंगराच्या पायथ्याचं पाणलोट क्षेत्र आमच्याकडे आलं होतं. कोणत्या भागाची माती किती धुपेल ते ठरवून रंग द्यायचे होते : हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे तिथली शेती बंद. खालच्या गावाची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं, गाळाने भरत चालली होती आणि गावाचं बोट वरच्या टोल्याकडे, म्हणजे डोंगरावरच्या वस्तीकडे होतं. टोल्यावरची गोंड कुटुंबं उतारावर कोदो-कुटकीसारखी भरड धान्यं पेरत. तो उतार लाल ठरला असता तर त्यांना दुसरी जमीन नव्हती.

माती मोजायला लोखंडी खुंट्या हव्या होत्या. त्या मंजूर नव्हत्या. भाऊंनी ब्रह्मपुरीच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून टाकाऊ स्पोक आणले आणि उतारावर ठोकले, प्रत्येक स्पोक जमिनीवर चार बोटं ठेवून. पावसाळ्यानंतर स्पोक जास्त उघडा दिसला तर माती गेली, कमी दिसला तर माती साचली. शास्त्र एवढंच होतं. अहवालात मात्र त्याला अडीच पानं लागली, कारण ती साहेबांनी लिहिली.

पाऊस संपल्यावर आम्ही मोजायला गेलो. टोल्याच्या शेतांतला प्रत्येक स्पोक वीतभर वर होता. म्हणजे भयंकर धूप. मी परत येऊन तो सगळा उतार लाल रंगवला, आणि खोटं कशाला सांगू, रंग फार एकसारखा बसल्याचा मला अभिमान वाटला. साहेबही खूश होते. वरून पाहुणे येणार होते आणि नकाशा भिंतीवर लागायचा होता. "लाल असला की काम दिसतं," ते म्हणाले.

भाऊ मात्र सही करेनात. वहीतल्या रकान्यावरून बोट फिरवत बसले. "वीत, वीत, वीत... माती अशी शिस्तीत वाहत नाई बाबू. ही कवायत कोणत्या तरी माणसानं घेतली." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते निघाले. मीही गेलो, मला माझा नकाशा वाचवायचा होता.

शेतात सोमीबाई मडावी होत्या, वयाने भाऊंच्याच बरोबरीच्या. भाऊंनी विचारलं, "बाई, हे स्पोक कोणी हलवले काय?"

"हलवले नाई जी. मातीत दबून राह्यले होते. तुम्ही एवढ्या दुरून येता, तुमाले सापडले पायजे, म्हणून वर काढले. दर पावसानंतर काढले." मग जरा थांबून, "तुमाले ठोकताबी नीट येत नाई."

भाऊंनी त्यांना एका स्पोकशेजारी हात धरायला लावला. अंगठा जमिनीवर, करंगळी स्पोकच्या टोकावर. बरोबर एक वीत.

टोल्याच्या लोकांनी उताराला आडवे ओंडके आणि दगड लावले होते. त्यांच्यामागे माती अडत होती, साचत होती, स्पोक गाडले जात होते. आलेली माती आम्ही गेलेली म्हणून लिहिली होती, आणि पाहुण्याची सोय बघण्याच्या त्यांच्या रीतीमुळे त्यांचीच शेतं जाणार होती. भाऊंनी हे सगळं समजावून सांगितलं. सोमीबाईंनी ऐकून घेतलं.

"मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"चुकलं," भाऊ म्हणाले. हा शब्द मी कचेरीत कोणाकडूनच ऐकला नव्हता, म्हणून लक्षात राहिला.

परतल्यावर त्यांनी माझ्या सुंदर लाल रंगावर शाईच्या पेनाने लिहिलं, "वाचन विश्वासार्ह नाही." खाली सही, तारीख. आणि कारण : सर्वेक्षकाने ग्रामस्थांना स्पोकचा उद्देश सांगितला नाही.

साहेब समजुतीने म्हणाले, "गावकऱ्यांनी छेडछाड केली असं लिहा ना. तुमच्यावर येणार नाही."

"मंग त्याईच्यावर येईल, सायेब."

भाऊंना मेमो मिळाला. पाहुण्यांनी रिकामी भिंत बघितली आणि कार्यालय स्वच्छ असल्याचा शेरा दिला. स्पोक पुन्हा चार बोटांवर ठोकले, आणि पुढच्या पावसाळ्यात सोमीबाईंनी एकाही स्पोकला कोणाला हात लावू दिला नाही. काहींभोवती तर काटे टाकून ठेवले होते. बहुतेक स्पोक जवळजवळ गडप झाले होते. टोल्याचा उतार पिवळा झाला आणि शेतं राहिली. बोडीतला गाळ बांबूच्या ट्रकसाठी डोंगर कापून केलेल्या रस्त्याचा निघाला. तो रस्ता मी लाल केला. ट्रकवाल्यांनी नकाशा पाहिला नव्हता, त्यामुळे ते येत-जात राहिले.

निवृत्तीनंतर भाऊ ब्रह्मपुरीला राहायला गेले. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन आलो. शेणाने सारवलेल्या अंगणात, पागोळ्या पडतात तिथे, एक स्पोक ठोकलेला होता. वीतभर वर. मी वाकून बघत राहिलो... डोळ्यांत पाणी आलं, हेही लिहायला हरकत नाही.

काकू चहा घेऊन आल्या. "दर पावसाळ्यानंतर मोजत होते जी. कोणाले हात लावू देत नोते." मग आवाज खाली आणून, "झाडता-सारवता तो पुरून जाये. मग मीच वर काढून ठेवत होती. त्याईले दिसला पायजे ना. त्याईले मी कधी सांगतलं नाई."

त्यांनी कोनाड्यातली वही आणून दिली. पाच पावसाळ्यांच्या पाच नोंदी होत्या, पाचही एक वीत. शेवटच्या रकान्यात पाचही वेळा शेरा होता, "वाचन विश्वासार्ह नाही." खाली सही, तारीख.