सुंदराक्काच्या खाटेवर

मनातली भीती आधीच कबूल करते. मिरजेच्या एका रुग्णालयात मी परिचारिका. माहेर कोरेगावचं, दर गुरुवारी दत्ताचा उपवास. एड्सच्या रुग्णाला शिवल्यानं काही होत नाही, त्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यानंही नाही, हे परीक्षेत लिहून मी पास झाले होते. पण जतकडची सुंदराक्का तोच आजार घेऊन वॉर्डात आली आणि लिहिलेलं सगळं कागदावरच राहिलं. आम्ही साऱ्याजणी तिच्या गोळ्या स्टुलावर ठेवून दोन पावलं मागं सरायचो. माझ्या ओठांत एकच, दत्तगुरू, ही खाट दुसऱ्या कुणाच्या वाटणीला जाऊ दे.

सुंदराक्काला ते कळत होतं. चौथ्या दिवशी तिनं गोळ्या घेणंच बंद केलं. "घरला जाते. हितं तरी कोण हाय माझं?" गोळ्या थांबल्या तर ही हातची जाईल, तुम्ही समजूत घाला, असं डॉक्टर मला म्हणाले.

नेमका गुरुवार. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिच्यासमोर दोन वाक्यं बोलले असेन, तोच डोळ्यांपुढं अंधारी आली. सावरले तेव्हा मी तिच्याच खाटेवर होते, अशक्त हातांनी तिनं मला ओढून घेतलं होतं. तिनं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला, तांब्या ओठांना लावला. तिचाच तांब्या. मी गटागटा प्यायले.

"आवं सिस्टरबाई, उपाशी माणसानं दुसऱ्याला शाणपण शिकवू नये," ती हसली. मग हळूच म्हणाली, "आल्यापासनं या खाटंवर बसलेल्या तुमीच पयल्या."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. तिथंच बसून मी गोळ्या पुढं केल्या.

"घेते की. तुमी माझं खाल्लं, आता मला न्हाई म्हणता येतंय व्हय?"

दुपारी तिचे गुंतलेले केस विंचरायला घेतले, तर दुसरी सिस्टर न सांगता तेलाची बाटली घेऊन आली.

काही महिन्यांनी सुंदराक्का गोळ्या न्यायला आली, ती अंगानं चांगली भरलेली. "समदी पोलकी उसवाय लागली बगा," अशी तक्रार तिनं अख्ख्या वॉर्डाला ऐकवली.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. उपाशीपोटी कुणालाही चक्कर येते. पण ती मला त्याच खाटेजवळ आली, हे आठवलं की हात आपोआप जुळतात. हल्ली कुठली खाट द्यावी हे मी दत्तगुरूंना सांगत नाही. ते देतील तिथं जाऊन बसते.