कपाटाला दोन वाटा

कुणाच्या हाती ही वही पडलीच, तर माझं ऱ्हस्व-दीर्घ आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घाला. शाळा चौथीत सुटली. चारचौघांत बोलायला मला लाज वाटते, म्हणून लिहिते. आणि राग अजून उतरलेला नाही.

शिनोलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आम्ही काही बायका पहाटे निघालो. घोडेगावला एसटी बदलली. मंचरच्या अलीकडे शेजारच्या भागूबाईला गाडी लागली, ती माझ्या पिशवीतच ओकली आणि आतल्या भाकरी वाया गेल्या. आळेफाट्याला उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. गॅरेजच्या बाजूच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. ट्रकवाले आमच्याकडे टकमक बघत होते. मी मान खाली घालून खाल्लं.

काम नव्या डेटा सेंटरात होतं. बँका, दवाखाने, मोबाइल यांची माहिती साठवणारी यंत्रं जिथे ठेवतात ती इमारत. यंत्रं अजून यायची होती. मोठ्या हॉलमध्ये लोखंडी रिकामी कपाटं ओळीने उभी होती आणि वर छताला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन लांब जाळ्या टांगल्या होत्या. वायरी त्यांतून न्यायच्या. मला आकडे वाचता येतात म्हणून ठेकेदाराने बायका आणायचं मलाच सांगितलं होतं. त्या माझ्या शब्दावर आल्या होत्या.

"दर कपाटाला दोन वायरी," ठेकेदार म्हणाला. "नंबर बघायचा अन् झाक बांधायचं. फोटोत चांगलं दिसलं पायजे." एवढं बोलून तो हॉटेलात गेला.

आवणीला (भातलावणीला) आम्ही ज्या खाचरात रोपं जायची त्या खाचराचा भारा एकत्र बांधतो, म्हणजे वाटेत फाटाफूट होत नाही. तसंच केलं. एका कपाटाच्या दोन्ही वायरी एकत्र बांधून डावीकडच्या जाळीतून नेल्या. उजवी जाळी मोकळीच राहिली. काम देखणं झालं होतं.

मग इंजिनिअर आली. तरन्नुम, जुन्नरच्या व्यापाऱ्याची लेक. ती वर बघतच राहिली.

"ताई, दोन्ही एकाच जाळीतून का नेल्या?"

ठेकेदार धावत आला. "अडाणी बाया हायेत मॅडम. यांची निम्मी मजुरी कापतो."

त्याच्याकडे न बघता तरन्नुमने आम्हाला समजावलं. प्रत्येक कपाटात एक छोटा स्विच, म्हणजे माहिती पुढे पाठवणारी पेटी, बसणार; तो दोन मोठ्या स्विचना जोडायचा, एक वायर डाव्या जाळीतून, दुसरी उजव्या. उंदरांनी एका बाजूच्या वायरी कुरतडल्या तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहतं. "या सगळ्या विणीला आम्ही फॅब्रिक म्हणतो. कापड."

"लई महागाचं लुगडं दिसतंय," भागूबाई पुटपुटली. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

कपाटाला दोन वाटा. आमच्या वाडीला एकच, आणि गेल्या पावसाळ्यात तिच्यावर दरड पडली तेव्हा भागूबाईच्या अडलेल्या सुनेला झोळीत घालून डोंगर उतरवला. तेव्हा दुसरी वाट कुणाच्या कागदावर नव्हती. डोक्यात काहीतरी तडकलं.

"आमाला दोन वाटा कुणी सांगितल्याच न्हाईत," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "सांगितलं असतं तर चुकलो नसतो. वाट बंद झाल्यावर काय व्हतं, ते आमाला सांगाय लागत न्हाई. आन् मजुरी कशाची कापता?"

तरन्नुम ठेकेदाराकडे वळली. "मी तुम्हाला नकाशा दिला होता. यांना दाखवलात?"

"यांना काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला कळला होता का?"

तो मोबाइल चाळू लागला.

"सोडून परत बांधायच्या, आणि त्याचीही मजुरी द्यायची," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्या बिलावर माझी सही नाही."

आम्ही गाठी सोडल्या आणि प्रत्येक जोडी फोडून एकेक वायर उजवीकडे नेली. बोटं सोलली. काम संपलं तेव्हा तरन्नुमने दोन मोठे स्विच आणि एका कपाटातला छोटा स्विच लावून बघितला. तिने डावीकडची वायर उपटली. हिरवा दिवा जळतच राहिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात वर झाले नाहीत. त्या दिव्याचाही मला राग आला.

ठेकेदाराने तिथे निम्मेच दिले. "बाकीचं घोडेगावात, बाजारच्या दिशी."

त्या दिवशी तो चहाच्या टपरीवर सापडला. "या ताई, चहा घ्या. राग सोडा आता."

"चहा नको. पैसे."

त्याने दिले. मी सगळ्यांसमोर मोठ्याने मोजले. कमी निघाले. हात पुढेच ठेवला. त्याने इकडेतिकडे बघून खिशातून उरलेले काढले.

"झालं नव्हं? आता कुणाचं काय देणं न्हाई."

संध्याकाळच्या गाडीने परतलो. दरडीचे दगड अजून तिथेच आहेत, म्हणून ड्रायव्हरने खालीच उतरवलं. सामान डोक्यावर घेऊन दगडांवरून चढलो. भागूबाई दोनदा बसली. वाडीत पोचल्यावर दिव्याखाली जिचे तिचे पैसे हातात ठेवले. कापलेले, दुसऱ्यांदा बांधल्याचे, सगळे. एक रुपयाही मागे राहिला नाही.